पापणीआडचा पुरावा



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते गुरुजी विज्ञान शिकवीत. मी आयुष्यभर मराठी शिकविली. म्हणून एका शब्दापासूनच आरंभ करतो: ‘खुपऱ्या’. सुरतेतील आपले गुजराती शेजारी याच नेत्ररोगाला ‘खील’ म्हणत आले. खानदेशातील माझ्या आजीच्या पापण्यांचे केस आत वळून बुबुळाला टोचत. ती चिमट्याने एकेक केस उपटी आणि म्हणे, ‘भोग आहेत, बाबा.’

तो भोग नव्हता, जंतू होता. १९०७ साली जावा बेटावर हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक या दोन संशोधकांनी रुग्णांच्या पापणीआतील अस्तर हलकेच खरवडले, त्या पेशी काचपट्टीवर पसरून गीम्सा रंगाने रंगविल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पेशीकेंद्राजवळ त्यांना सूक्ष्म कणांचे पुंजके आढळले. पुढे १९५७ मध्ये चीनमधील तांग फेइफान यांनी हा जंतू कोंबडीच्या अंड्यात वाढवून दाखविला. डोळा बधिर करून पापणी उलटायची आणि बोथट पात्याने चिमूटभर पेशी घ्यायच्या, एवढीच ती कृती. आता कापसाच्या बोळ्याने नमुना घेऊन जंतूचे जनुकीय द्रव्यही शोधता येते.

पण या परीक्षेला एक मर्यादा आहे. ताजा संसर्ग मुख्यतः लहान मुलांत असतो. बोटे, टॉवेल आणि माश्या तो पसरवितात. पुनःपुन्हा संसर्ग होऊन अस्तरावर व्रण पडतात, ते आकसतात आणि पापणी आत वळते. तोवर जंतू बहुधा सापडत नाही. आजीची पापणी खरवडली असती, तरी कदाचित काहीच हाती लागले नसते. तिचा पुरावा साठ वर्षांपूर्वी, तिच्या बालपणीच्या डोळ्यांत होता. तेव्हा पाहणारे कोणी नव्हते.

भारताने १९६३ मध्ये खुपऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हा रोग भारतातून दूर झाल्याचे जाहीर केले. याचा अर्थ जंतूचा निर्वंश झाला असा नव्हे. म्हाताऱ्या डोळ्यांतील व्रण उरलेच आहेत. त्यांना शस्त्रक्रिया हवी. आणि लहान मुलांचे तोंड धुवायला स्वच्छ पाणी हवेच.

‘भोग’ हा शब्द आपण फार लवकर उच्चारतो. गुरुजी म्हणत, आधी पाहा, मग बोला. मूल डोळा चोळू लागले की त्याची पापणी वेळीच उलटून पाहिली जावी, हीच त्यांना खरी आदरांजली होय.