टर्बोवर ठपका ठेवण्यापूर्वीं

दीड-दोन लाख किलोमीटर चाललेली टर्बोची पेट्रोल गाडी खंबाटकीचा घाट चढतांना एकाएकीं दम टाकूं लागते, मागें निळसर धूर दिसतो, आणि गॅरेजमध्यें नेतांच निकाल मिळतो कीं, टर्बो गेला. हा निकाल पुष्कळदां पुराव्यावांचून दिलेला असतो. नवा टर्बो बसविण्याचा खर्च जुन्या गाडीच्या मालकास जड जातो; आणि मूळ दोष अन्यत्र असल्यास तो नवा टर्बोही थोड्याच दिवसांत जुन्याच्या वाटेनें जातो.

टर्बो म्हणजे एकाच दांड्यावर बसविलेलीं दोन पंखचाकें. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूनें एक फिरतें, व दुसरें ताजी हवा दाबून इंजिनांत लोटतें. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानें या कल्पनेचें पेटंट १९०५ सालीं घेतलें. हा दांडा मिनिटास लाखाहूनही अधिक फेरे घेऊं शकतो, आणि तो तेलाच्या अत्यंत पातळ थरावर तरंगत असतो. तेल कमी पडलें कीं धातूवर धातू घासलाच.

उदाहरणादाखल २००४ सालीं भारतांत विक्रीस आलेली स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस घ्यावी. तिच्या १.८ लिटरच्या इंजिनाचीं भावंडें फोक्सवॅगन व ऑडीच्या अनेक गाड्यांत होतीं. अशी गाडी जोर धरीनाशी झाली, तर स्कॅनरवर बहुधा पी ०२९९ हा संकेत येतो. त्याचा अर्थ हवेचा दाब अपुरा पडतो एवढाच; टर्बो निकामी झाला असें तो संकेत म्हणत नाहीं. तेव्हां प्रथम रबरी होज पाइप पाहावे. उष्णतेनें ते खालच्या बाजूस, जेथें सहसा नजर जात नाहीं तेथेंच, चिरतात. नळ्यांत धूर सोडून पाहिल्यास चीर तत्काळ सांपडते. त्यानंतर जादा दाब सोडणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह काढून त्याचा पडदा बोटानें वर ढकलावा, वरचें छिद्र दाबून धरावें, आणि पडदा सोडावा. तो वरच राहिला तर ठीक. खालीं आला तर पडदा फाटला आहे. वेस्टगेटचा दांडा अडकला आहे काय, हेंही पाहावें. हीं सर्व कामें टर्बोच्या किंमतीपुढें किरकोळ होत.

धुराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करतांच निळा धूर येऊन थांबला, तर बहुधा व्हॉल्व्हचीं सीलें झिजलीं आहेत. बराच वेळ जागेवर चालू ठेवून मग ॲक्सिलरेटर दाबतां धूर उसळला, तर संशय टर्बोवर जातो. परंतु तेल परत नेणारी नळी किंवा इंजिनाच्या पोटांतील वाफ सोडणारी वाट तुंबली असली, तरी निरोगी टर्बोही तेल ओकतो. होज पाइपांत तेलाचा नुसता ओलावा दिसणें हा मात्र दोष नव्हे.

शेवटीं टर्बोची प्रत्यक्ष तपासणी. ती इंजिन पूर्ण थंड असतांनाच करावी. हवेची नळी काढून दांडा बोटांनीं हलवावा. आडवा किंचित ढिलेपणा स्वाभाविक आहे, त्यास भिऊं नये. दांडा मागें-पुढें सरकला, अथवा पंखांच्या कडा कवचास घासलेल्या दिसल्या, तर मात्र टर्बो खरोखरच संपला.

तरीही चौकशी संपत नाहीं. या जातीच्या इंजिनांत तेलाचा काळा गाळ होण्याची खोड आहे. १९९८ ते २००४ या वर्षांच्या पसॅट गाड्यांत ही तक्रार इतकी वाढली कीं, अमेरिकेंत कंपनीस हमीची मुदत वाढवून द्यावी लागली. तो गाळ चेंबरमधील जाळीस बसतो, आणि टर्बोस तेल नेणारी बारीक नळी आंतून जळक्या तेलानें आवळते. म्हणून जुना टर्बो उतरविला कीं चेंबर खोलून जाळी धुवावी, ती नळी नवीच घालावी, तेल व फिल्टर बदलावे. नवा टर्बो बसवितांना त्याच्या तोंडांत थोडें तेल ओतावें, आणि इंजिन पेटूं न देतां स्टार्टरनें थोडा वेळ फिरवून, तेलाचा दाब आल्यावरच किल्ली पुरी फिरवावी.