चकाचक करायच्या आधी वाचा : जुने घडीचे चाकू जमवताना आणि दुरुस्त करताना

(या भागाचं शब्दांकन. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायला कंटाळा आला तर ऐका.)

आजचा विषय खिशात मावणारा आहे. चाकू. आता चाकू म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातला व्हिलन आणि त्याचा रामपुरी येतो. तो नाही. मी बोलतोय त्या छोट्या, घडी होणाऱ्या चाकूबद्दल, ज्याने आजोबा पेन्सिलीला टोक काढायचे, पेरू कापायचे, पाकीट फोडायचे. अजूनही कितीतरी घरांत तो कपाटाच्या खणात, जुन्या किल्ल्या आणि बंद घड्याळांच्या सोबतीला पडून असतो.

मला या विषयावर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न एकच असतो. "दादा, घरात जुना चाकू सापडलाय, गंजलाय, चकाचक कसा करू?" माझं उत्तर दरवेळी तेच असतं, की चकाचक करू नकोस. आधी तो वाच. आजचा सगळा भाग या एका वाक्यावर आहे. कारण गंज काढायला अर्धा तास लागतो, पण त्या अर्ध्या तासात दीडशे वर्षांची माहिती कायमची पुसली जाऊ शकते. आणि ती परत आणता येत नाही.

हे चाकू आले कुठून?

आपल्याकडच्या जुन्या घरांत, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जे घडीचे चाकू मिळतात, त्यातले बरेच इंग्लंडमधल्या शेफील्ड या गावाचे असतात. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थान ही शेफील्डच्या मालाची मोठी बाजारपेठ होती. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे जोसेफ रॉजर्स अँड सन्स. 1822 मध्ये या कंपनीला राजा चौथ्या जॉर्जकडून राजघराण्याचे चाकू बनवणारे म्हणून मान मिळाला. त्यांनी तेव्हा काय केलं? एकाच चाकूला 1822 पाती लावली! इयर नाईफ म्हणतात त्याला. अर्थात तो मिरवायचा चाकू. रोजचे साधे चाकू एक, दोन किंवा तीन पात्यांचे असायचे.

त्यातलं सगळ्यात छोटं पातं कशाला, माहितीये? पिसाच्या लेखणीला टोक काढायला. म्हणून तर पेननाईफ हे नाव. आपल्याकडे बोरू तासायलाही असाच छोटा चाकू लागायचा, त्याला कलमतराश म्हणायचे. म्हणजे चाकू हा एके काळी लिहिणाऱ्या माणसाच्या सामानातला होता. कारकुनाच्या, मास्तरांच्या, हिशेबनीसाच्या.

शेफील्डमध्ये एक चाकू अनेक हातांतून जायचा. एक जण पातं ठोकायचा, दुसरा चाकावर घासायचा, तिसरा सगळे भाग जुळवून चाकू उभा करायचा. घासणाऱ्यांची अवस्था वाईट होती. वालुकाश्माच्या चाकाची धूळ छातीत जाऊन कित्येक जण तरुणपणीच जायचे. छोट्या खोल्यांत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कारागिरांना तिथे लिटल मेस्टर म्हणत. त्यातले एक नामवंत, स्टॅन शॉ, चौदाव्या वर्षी या कामाला लागले आणि 2021 मध्ये, वयाच्या 94 व्या वर्षी गेले. ब्रिटनमध्ये आज घडीचा चाकू हाताने बनवणं ही धोक्यात आलेली कला मानली जाते. त्यामुळे जुना चाकू हातात घेता तेव्हा लक्षात ठेवा, तसं काम करणारे हात आता मोजकेच उरलेत.

चाकू वाचायचा कसा?

पातं उघडा. अगदी मुळाशी, जिथे धार संपते, तिथे एक छोटा सपाट चौकोन दिसेल. त्याला टँग म्हणतात. कंपनीचं नाव, खूण, गाव, सगळं इथेच ठोकलेलं असतं. ही त्या चाकूची जन्मपत्रिका. मोबाईलचा टॉर्च एका बाजूने तिरका धरा आणि फोटो काढून झूम करा. डोळ्यांना न दिसणारी अक्षरं फोटोत दिसतात.

आता हे बघा. रॉजर्सची खूण म्हणजे एक तारा आणि एक क्रॉस. इंग्रजी स्पेलिंगमध्ये आर-ओ नंतर डी असतो. तो डी नसेल तर सावध व्हा, कारण या नावाच्या नकला तेव्हाही जोरात चालायच्या.

मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना व्ही आणि आर अशी अक्षरं असतील तर राणी व्हिक्टोरियाचा काळ, म्हणजे 1901 च्या आधीचा. जी आणि आर असेल तर राजा जॉर्ज. पण कुठला जॉर्ज? चौथा जॉर्ज 1830 मध्ये गेला आणि पाचवा 1910 मध्ये गादीवर आला. मधे ऐंशी वर्षांचं अंतर! इथे दुसरा पुरावा शोधायचा. अमेरिकेने 1890 मध्ये कायदा केला की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं. त्यानंतर मालावर इंग्लंड हा शब्द सर्रास दिसू लागला. म्हणजे जी.आर. सोबत इंग्लंड लिहिलेलं असेल तर चाकू बहुधा विसाव्या शतकातला. आणि पात्यावर स्टेनलेस असं लिहिलं असेल तर 1913 च्या आधीचा असूच शकत नाही, कारण हॅरी ब्रिअर्लीने शेफील्डमध्ये तो पोलादाचा प्रकार शोधला त्याच साली.

बघा, तीन-चार अक्षरांवरून आपण किती काही काढलं. आता विचार करा, कोणीतरी हाच चाकू ग्राइंडरवर धरला आणि टँग गुळगुळीत केला. काय उरलं? लोखंडाचा एक चकचकीत तुकडा.

लाल आणि काळं

आता दुरुस्तीकडे येऊ. पहिला धडा रंगाचा. आजीची विळी आठवा. कैरी चिरली की पातं काळं-निळं पडायचं, आणि आजी लगेच फडक्याने पुसून ठेवायची. तो काळा थर म्हणजे पोलादाची घट्ट बसलेली कातडी. तो पुढे पसरत नाही, उलट आतल्या धातूला थोडं सांभाळतो. जमवणारे त्याला पॅटिना म्हणतात. लाल-तपकिरी, भुसभुशीत, बोटाला लागणारा थर मात्र खरा गंज. तो पाणी धरून ठेवतो आणि धातू खात सुटतो.

म्हणून नियम सोपा आहे. लाल काढायचं, काळं ठेवायचं.

पद्धत सांगतो, लिहून घ्या.

एक. सांधा अडकला असेल तर पकडीने ओढू नका. नख घालायची खाच तुटते किंवा पातंच तुटतं. सांध्यात शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडा आणि एक दिवस ठेवून द्या. मग हळूहळू हलवा. पुन्हा तेल, पुन्हा एक दिवस. काही चाकू उघडायला आठवडा घेतात, घेऊ द्या. खोबरेल किंवा गोडेतेल वापरू नका, ते काही दिवसांनी चिकट होतं आणि सांधा आणखी जाम होतो.

दोन. उघडल्यावर धारेवर कागदी टेप लावा, बोटं वाचवा. आतली खाच टूथपिक आणि जुन्या टूथब्रशने साफ करा. तिथून जो काळा लगदा निघतो तो बघून दचकू नका.

तीन. लाल गंजावर तेल टाका आणि सगळ्यात बारीक, म्हणजे चार शून्यांच्या स्टील वूलने हलक्या हाताने चोळा. पात्याच्या लांबीच्या दिशेने, गोल गोल नाही. टँगवर स्टील वूल लावायचंच नाही. तिथे फक्त तेल आणि बांबूची काडी.

चार. पाण्यात भिजत घालायचं नाही. व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक ॲसिड, यूट्यूबवरचे सगळे झटपट उपाय गंजाबरोबर काळा थरही नेतात. शिवाय ॲसिड सांध्यात शिरतं आणि आतून खात राहतं, दस्त्याचं हाड फुगतं ते वेगळंच.

पाच. बफिंग मशीन नको. त्याने अक्षरं पुसली जातात हे झालंच, पण दुसरं कारण जास्त गंभीर आहे. साधं कार्बन पोलाद साधारण 200 अंशांच्या पुढे गेलं की मऊ व्हायला लागतं. पातळ धार मशीनवर काही सेकंदांत तापते. धारेवर निळी झाक दिसली की समजायचं, तेवढं पोलाद गेलं. मग कितीही धार लावा, टिकणार नाही. सायकलवर येणारे धारवाले काका स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांसाठी उत्तम, पण हा चाकू त्यांच्या चाकाखाली देऊ नका. हजार नंबरचा पाण्याचा दगड घ्या, पातं जवळजवळ आडवं धरा, म्हणजे 15 ते 20 अंश, आणि शेवटी चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर फिरवा.

झालं की पातं उघडून सोडा. खट्ट! तो आवाज ऐका. पाठीमागची स्प्रिंग जिवंत आहे याची ती पावती. माझ्याकडे जुन्या बाजारातून आणलेला एक दोन पात्यांचा चाकू आहे, मोठं पातं धार लावून लावून निम्मं झालंय. पण खट्ट आवाज असा येतो की शेजारच्या खोलीतून कोणीतरी विचारतं, काय पडलं? नवं पातं मी बसवलेलं नाही. कोणीतरी तो चाकू आयुष्यभर वापरला, हे त्या झिजलेल्या पात्यावरच तर लिहिलंय.

दस्ता आणि कायदा

दस्ता कशाचा आहे ते नीट बघा. हाडावर बारीक काळे ठिपके किंवा रेघा दिसतात. हस्तिदंतावर, टोकाच्या बाजूने पाहिलं तर, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. खडबडीत तपकिरी असेल तर सांबराचं शिंग. गंमत बघा, ही शिंगं आपल्याच जंगलांतून शेफील्डला जायची आणि चाकू होऊन परत यायची. आज हस्तिदंत आणि सांबरशिंग या दोन्हींच्या खरेदी-विक्रीला आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली बंदी आहे. घरात असा चाकू निघाला तर ऑनलाइन विकायला टाकू नका, वन विभागाकडे चौकशी करा. आणि बाजारात दिसला तर सोडून द्या, कितीही स्वस्त असला तरी.

शिंपल्यासारखा किंवा कासवाच्या पाठीसारखा दिसणारा प्लॅस्टिकचा दस्ता असेल तर तो सेल्युलॉइड असू शकतो. जुनं झालं की त्यातून आम्लयुक्त वाफा निघतात आणि शेजारचे चाकूसुद्धा गंजतात. तो वेगळा ठेवा, आणि आगीपासून लांब, कारण तो भराभर पेटतो.

आणखी एक. जमवणं घरात. खिशात घालून मिरवणं नको. मेट्रोत आणि विमानात तर तो चालणारच नाही. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली शस्त्रबंदीचे आदेश असतील तेव्हा चाकू जवळ बाळगणं हा गुन्हा ठरतो. बाजारातून आणताना पिशवीच्या तळाशी, कागदात गुंडाळून आणा आणि सरळ घरी जा.

ठेवायचं कसं? चामड्याच्या म्यानात नाही, चामडं ओल धरतं. पातळ तेलाचा हात फिरवून सुती कापडात, सिलिका जेलच्या पुडीसोबत. कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी एकदा उघडून बघा.

आता तुमच्यासाठी एक काम. या रविवारी घरातला तो खण उघडा. चाकू सापडला तर काहीही लावायच्या आधी टँगचा तिरक्या उजेडात फोटो काढा. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, हा कोणाचा, कशाला वापरायचे? ते उत्तर फोनवर रेकॉर्ड करा. टँगवर कंपनीचं नाव मिळेल, पण पेरू कोणी कापले ते फक्त त्यांनाच माहिती आहे. गंज काय, पुढच्या रविवारीही निघेल.

फोटो पाठवा, आपण मिळून वाचू. भेटू पुढच्या भागात, तोवर बोटं सांभाळा!