पडण्यापूर्वीचा उपचार : ज्येष्ठांसाठी तोलाचे व्यायाम

(आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिनी, १ ऑक्टोबर रोजी, रुग्णालयाच्या सभागृहात फिजिओथेरपी विभागप्रमुखांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या दिवशी आपणासमोर बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाची ऋणी आहे. व्यासपीठावरून बोलण्याचा मला फारसा सराव नाही. रुग्णाचा हात धरून त्याला चालते करणे, हे माझे नित्याचे काम. तेव्हा विभागात रोज जे पाहते, तेच आज आपणापुढे मांडणार आहे.

काही वर्षांपूर्वी ७६ वर्षांच्या एक आजी खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर आमच्या विभागात आल्या. त्यांच्या मुलाने सांगितलेली हकीकत अशी. तीन महिन्यांपूर्वी आजी न्हाणीघराच्या दाराशी घसरल्या होत्या. सुदैवाने हाड मोडले नाही, मुका मार लागला इतकेच. परंतु घरातील सर्वांनी धसका घेतला. सुनेने स्वयंपाकघरात येऊ देणे बंद केले. नातवंडे पाण्याचा पेला हातात आणून देऊ लागली. पूजेसाठी अंगणातली फुले तोडण्याचे आजींचे काम कामवाल्या बाईंकडे गेले, देवळात जाणे थांबले. आजी दिवसभर पलंगावर, नाही तर खुर्चीत. आणि एके पहाटे पलंगावरून उठताना, दोन पावलांच्या अंतरात त्या कोसळल्या. "मॅडम, आम्ही आईला काहीच करू दिले नव्हते. मग ती पडली कशी?" असे तो मुलगा मला कळवळून विचारीत होता.

त्या प्रश्नातच त्याचे उत्तर होते, पण त्या क्षणी ते त्याला सांगणे मला जमले नाही. आज ते आपणा सर्वांना सांगावे, म्हणून मी हा विषय निवडला आहे.

प्रथम या संकटाची व्याप्ती पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो, आणि अशा मृत्यूंत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. पासष्टीच्या पुढील साधारणपणे दर तीन व्यक्तींपैकी एक वर्षातून एकदा तरी पडते. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशातील साठ वर्षांवरील लोकसंख्या १० कोटींहून अधिक होती आणि त्यानंतर ती वाढतच गेली आहे. म्हणजे हा प्रश्न घरोघरचा आहे.

आता तोल म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. आपण सरळ उभे असतो तेव्हा तीन ठिकाणांहून मेंदूला सतत निरोप जात असतात. भोवतालचे जग सरळ आहे की कललेले, हे डोळे सांगतात. डोके कोणत्या दिशेला वळले वा झुकले, हे अंतःकर्णातील द्रवाने भरलेल्या सूक्ष्म नलिका व त्यांच्या शेजारची इंद्रिये सांगतात. आणि पायाखालची जमीन कशी आहे, हे तळपाय व घोट्याचे सांधे सांगतात. हे निरोप जुळवून मेंदू स्नायूंना आज्ञा देतो. किंचित तोल गेला तर घोटे सावरतात, अधिक गेला तर कंबर सावरते, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर आपण चटकन एक पाऊल टाकतो. हे चटकन टाकलेले पाऊलच माणसाला वाचवते. त्यासाठी मांडीत बळ लागते आणि चपळाईही लागते.

वयोमानानुसार या तिन्ही ठिकाणांचे निरोप मंदावतात. मधुमेहाने ज्यांचे तळपाय बधिर झाले आहेत, त्यांना जमिनीचा निरोप अपुरा मिळतो. अशी व्यक्ती दिवसा डोळ्यांच्या आधारावर चालते. परंतु रात्री दिवे गेले, किंवा तोंड धुताना डोळे मिटले, की तिचा तोल जातो. अशा अनुभवाकडे 'वय झाले' म्हणून दुर्लक्ष करू नये, ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

परंतु वयापेक्षाही अधिक हानी करते ती निष्क्रियता. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी स्त्रीपुरुषांना केवळ १० दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. तेवढ्या अवधीत त्यांच्या दोन्ही पायांतील मिळून जवळजवळ एक किलो स्नायूंचा ऱ्हास झाला. ही माणसे धडधाकट होती, आजारी नव्हती, हे ध्यानात घ्यावे. त्या आजी तर तीन महिने बसून होत्या. पडण्याच्या भीतीने माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने पाय दुबळे होतात, दुबळ्या पायांमुळे तो पुन्हा पडतो आणि भीती आणखी वाढते. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. घरच्यांचे प्रेम खरे होते, त्यांची सेवाही मनापासूनची होती. परंतु पायांची शक्ती सेवेने टिकत नाही, वापराने टिकते.

ही गेलेली शक्ती परत येते का? येते, आणि हेच मला आज सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे. १९९० साली बोस्टन येथे नव्वदीच्या आसपासच्या, संस्थेत राहणाऱ्या १० दुर्बल वृद्धांना वजनाच्या साहाय्याने पायांचे व्यायाम देण्यात आले. आठ आठवडे पूर्ण करणाऱ्या ९ जणांच्या पायांतील बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, म्हणजे मूळच्या सुमारे पावणेतीन पट झाले. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी ८० वर्षे व त्यावरील वयाच्या २३३ स्त्रियांचा अभ्यास केला, तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या स्त्रियांना फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन पायांचे व तोलाचे व्यायाम शिकविले. वर्षभरात व्यायाम न शिकविलेल्या गटात पडण्याचे १५२ प्रसंग घडले, व्यायाम करणाऱ्या गटात ८८. पुढे २०१९ साली १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते आणि तोलाच्या व्यायामाला स्नायुबळाच्या व्यायामाची जोड दिल्यास ते ३४ टक्क्यांपर्यंत घटते, असे त्यात आढळले.

आपणांपैकी पुष्कळजण म्हणतील, "आम्ही रोज सकाळी फिरायला जातो." ही सवय उत्तमच आहे. हृदयासाठी व साखरेसाठी ती लाभदायक आहे, ती सोडू नये. मात्र केवळ चालण्याने पडणे कमी होते, असे त्या आढाव्यात सिद्ध होऊ शकले नाही. सपाट रस्त्यावर सरळ चालताना तोलाची परीक्षा फारशी होत नाही, आणि परीक्षेवाचून तोल सुधारत नाही.

आपल्या जुन्या घरांत ही परीक्षा नकळत रोज होत असे. पाटावर जेवण, मोरीपाशी उकिडवे बसून भांडी घासणे, देवापुढे मांडी घालून पूजा, यांमुळे दिवसातून कितीतरी वेळा जमिनीवरून ऊठबस घडे. पुढे डायनिंग टेबल, सोफा व कमोड आले. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी ही सोय आवश्यकच आहे, त्यांनी हट्टाने जमिनीवर बसू नये. परंतु त्या ऊठबशीची जागा दुसऱ्या कशानेतरी भरून काढली पाहिजे. त्यासाठी आम्ही विभागात शिकवतो ते काही साधे व्यायाम सांगते.

पहिला, खुर्चीतून उठणे. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. पाय जमिनीवर नीट टेकवून, किंचित पुढे वाकून उभे राहावे व सावकाश बसावे. आरंभी हातांचा आधार घ्यावा, पुढे आधाराविना पाच वेळा, नंतर दहा वेळा. दुसरा, ओट्याला धरून टाचा उचलणे व टेकविणे, नंतर चवडे उचलणे. तिसरा, ओट्याला धरून कडेकडेने बाजूला पावले टाकणे. चौथा, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्यापुढे ठेवून एका रेषेत उभे राहणे, आणि ते साधले की भिंतीलगत तसेच चालणे. पाचवा, ओट्यापाशी एका पायावर दहा सेकंद उभे राहणे.

यात आधार सोडण्याची एक पायरी आहे. प्रथम दोन्ही हात, मग एक हात, मग दोन बोटे आणि शेवटी हात केवळ ओट्याजवळ. घाई करू नये, पण वर्षभर दोन्ही हातांनी धरूनही राहू नये. व्यायाम थोडा कठीण वाटला पाहिजे, म्हणजे तो उपयोगी पडतो. सुरुवातीस घरातील कोणीतरी जवळ उभे असावे. चक्कर आली, छातीत दुखले वा धाप लागली तर तत्काळ थांबावे. ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांना हृदयविकार आहे किंवा जे अलीकडे पडले आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांची तपासणी करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व स्नायुबळ वाढविणारे व्यायाम करावेत.

वेगळा वेळ काढणे ज्यांना जमत नाही, त्यांनी रोजच्या कामातच व्यायाम मिसळावा. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ७० वर्षांवरील ३१७ व्यक्तींवर केलेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीने पडण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी झाले. दूध तापेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलाव्यात. टेलिफोनवर बोलणे संपले की खुर्चीतून दोनदा सावकाश उठावे-बसावे. कपाटाच्या खालच्या कप्प्यातील वस्तू कंबरेत न वाकता, गुडघे वाकवून घ्यावी.

व्यायामाबरोबर इतर काळजीही घ्यावी. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाची औषधे यांचा वर्षातून एकदा डॉक्टरांकडून फेरआढावा घ्यावा. अंथरुणातून उठताना आधी कडेला बसावे, क्षणभर थांबून मग उभे राहावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये. न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा बसवावा, घसरणारे पायपुसणे काढून टाकावे, रात्री लघवीला जाण्याच्या वाटेवर मंद दिवा ठेवावा. झिजलेल्या स्लिपर टाकून द्याव्यात. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात एकट्याने जाऊ नये.

येथे आलेल्या मुलांना, सुनांना व नातवंडांना एक विनंती. आई-वडील एकदा पडले, तर त्यांची डॉक्टरी तपासणी करून घ्या, घर सुरक्षित करा, काही दिवस त्यांच्याजवळ उभे राहा. परंतु त्यांच्या हातातील सगळी कामे काढून घेऊ नका. पाणी आणून देण्याऐवजी पाणी घ्यायला त्यांच्याबरोबर जा. त्यांना थोडा वेळ लागेल, तो त्यांना लागू द्या.

त्या आजींचे पुढे काय झाले, हे आपण मनात विचारीत असाल. पहिले काही दिवस त्या वॉकरला हातही लावीत नव्हत्या. "आता माझे काय राहिले?" एवढेच म्हणत. एके दिवशी मी त्यांना विचारले, "आजी, घरी गेल्यावर काय करावेसे वाटते?" त्या म्हणाल्या, "माझ्या हाताने तगरीची फुले तोडावीशी वाटतात." मग आम्ही तोच व्यायाम केला. उभे राहून हात वर नेणे, बाजूला झुकणे, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेणे. सहा महिन्यांनी त्या तपासणीस आल्या, तेव्हा काठी हातात होती. मुलगा सोबत होता, पण दोन पावले मागे. जाताना आजींनी पिशवीतून फुलांची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

मंडळी, आमच्या विभागात बहुतेक ज्येष्ठ पडल्यानंतर येतात. आपण पडण्यापूर्वी यावे, एवढीच माझी प्रार्थना आहे. आपला तोल तपासून घ्या, व्यायाम शिकून घ्या आणि घरी जाऊन आजपासूनच आरंभ करा. आपणा सर्वांना स्वतःच्या पायांवर उभे असलेले निरामय दीर्घायुष्य लाभो, अशी ईश्वरचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेते.