शब्दाचं शेपूट

कांजूरमार्गात नोकरीला लागलो की पीएफचा 11 नंबरचा फॉर्म हातात येतो. त्यात दोन शब्द सारखेच दिसतात: एम्प्लॉयर आणि एम्प्लॉई. दोन्ही नामं, मूळ क्रियापद ‘एम्प्लॉय’, म्हणजे कामावर ठेवणं. शेवटी ‘अर’ असेल तर ठेवणारा मालक, ‘ई’ असेल तर कामाला लागलेल्या आपण. ‘मेंट’ लागलं की नोकरी. आपल्याकडे नाही का, विणणं, विणकर, विणकाम! तसंच ट्रेनर शिकवतो, ट्रेनी शिकते.

पण सगळीकडे ‘अर’ म्हणजे माणूस नव्हे. स्वयंपाक करणारी कुक. कुकर म्हणजे भांडं!

फॉर्ममधला एम्प्लॉयरचा भाग मालकाने भरायचा, तिथे आपण लिहायचं नाही. प्रश्न हक्काच्या पैशाचा आहे. सहीआधी शब्दाचं शेपूट बघूया.