राखीव खेळ आणि खुले यंत्र



अनुवादकाला व्यासपीठावर बोलाविण्याची प्रथा आपल्याकडे फारशी नाही. मूळ लेखक बोलतो, अध्यक्ष बोलतात, आभार मानले जातात, आणि अनुवादक तिसऱ्या रांगेत बसून पुस्तकातील मुद्रणदोष मोजीत असतो. आज मला ही संधी मिळाली ती इलेक्ट्रॉनिक खेळांच्या इतिहासावरील एका ग्रंथाचा मी मराठी अनुवाद केला म्हणून. विषय मला नवा होता. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या बाईला व्हिडिओ खेळांचे ज्ञान कोठून असणार? जे होते ते बालपणीच्या एका यंत्रापुरते. त्याच्याकडे मी नंतर येईन.

या अनुवादात मला सर्वांत अधिक छळले ते एका साध्या विशेषणाने. एखादा खेळ एकाच कंपनीच्या यंत्रावर चालतो. अन्य यंत्रांवर तो चालत नाही, किंवा चालू दिला जात नाही. अशा खेळाला इंग्रजीत 'एक्सक्लूझिव्ह' म्हणतात. मी प्रथम 'अनन्य' असे लिहिले. वाचून पाहिल्यावर तो शब्द भक्तिमार्गातला वाटला. 'एकाधिकारी' लिहिले, तर कापूस खरेदीची योजना आठवू लागली. अखेरीस 'राखीव' हा शब्द पत्करला. रेल्वेचा डबा राखीव, जंगल राखीव, तसा खेळही राखीव. गाडी आपल्याच गावावरून जाते, डब्यात जागाही असते. परंतु आपल्याला चढता येत नाही. माझा सोळा वर्षांचा भाचा हे ऐकून म्हणाला, "मावशी, शब्द बरोबर आहे, पण त्यात राग नाही." हा राग कशाचा, हे समजून घेण्यात माझे पुढील कित्येक महिने गेले.

आपणांपैकी काहींसाठी थोडा खुलासा करते. दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे आणि मुख्यतः खेळासाठीच बनविलेले यंत्र म्हणजे कन्सोल. त्याची रचना कंपनी ठरविते आणि पाच-सात वर्षे ती बहुतांशी तशीच राहते. दुसऱ्या बाजूला आपला घरगुती संगणक. त्याचे सुटे भाग निरनिराळ्या कारखान्यांतून येतात, मालक हवे तेव्हा ते बदलू शकतो, आणि त्यावर खेळ चालविण्यासाठी संगणक बनविणाऱ्याची परवानगी लागत नाही. या दोन पक्षांतील तरुण मंडळी एकमेकांशी ज्या त्वेषाने भांडतात, तो पाहून मला आमच्या महाविद्यालयातील शुद्धलेखनाचे वाद आठवले.

राखीव खेळाची गोष्ट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९७९ साली अमेरिकेत अटारी या कंपनीतून बाहेर पडलेल्या काही आज्ञावलीकारांनी ॲक्टिव्हिजन ही संस्था काढली आणि अटारीच्याच यंत्रासाठी स्वतंत्रपणे खेळ बनविण्यास आरंभ केला. अटारी न्यायालयात गेली. १९८२ मध्ये तडजोड झाली. त्यानंतर ज्याला त्याला खेळ काढावासा वाटू लागला, बाजारात निकृष्ट मालाचे ढीग साचले, आणि १९८३ मध्ये तो बाजारच कोसळला. या पडझडीतून निन्टेन्डो या जपानी कंपनीने जो धडा घेतला, तो आजच्या आपल्या विषयाचे मूळ आहे.

निन्टेन्डोचे फॅमिकॉम हे यंत्र १९८३ साली जपानमध्ये आले, आणि १९८५ मध्ये एन. ई. एस. या नावाने ते अमेरिकेत गेले. अमेरिकेतील यंत्रात एक लहानशी चिप बसविलेली होती. तिची जोडीदार चिप खेळाच्या कार्ट्रिजमध्ये असे. दोघींची ओळख पटली तरच खेळ चाले. न पटल्यास यंत्र पुनःपुन्हा पहिल्यापासून सुरू होत राही. ही जोडीदार चिप मिळवावयाची तर निन्टेन्डोचा परवाना घ्यावा लागे, कार्ट्रिज निन्टेन्डोकडूनच तयार करून घ्यावी लागे, आणि वर्षाला पाचाहून अधिक खेळ काढता येत नसत. शिवाय तो खेळ दोन वर्षे अन्य कोणत्याही कन्सोलसाठी काढावयाचा नाही, हीही अट होती. पाचाच्या मर्यादेला वळसा घालण्यासाठी कोनामी या कंपनीने अल्ट्रा नावाची दुसरी संस्था उभारली. अटारी गेम्सने तर त्याहून धाडसाचे काम केले. चिपमधील आज्ञावलीची प्रत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात जमा होती. ती खोटे कारण सांगून मिळविली आणि तिच्या आधारे स्वतःची चिप बनविली. १९९२ साली अपील न्यायालयाचा निर्णय अटारी गेम्सच्या विरोधात गेला. लेखकाच्या संरक्षणासाठी जी प्रत सरकारदरबारी ठेवावयाची, तिचाच असा उपयोग व्हावा, हे ग्रंथालयातील मंडळींनी विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ही दोन वर्षांची अट पुढे १९९० च्या सुमारास सैल झाली. परंतु राखीवपणाची गोडी एकदा लागली ती लागलीच. १९९७ मध्ये 'फायनल फॅन्टसी'चा सातवा भाग निन्टेन्डोला सोडून सोनीच्या प्लेस्टेशनवर गेला. तेथे मात्र एक खरे तांत्रिक कारण होते. निन्टेन्डोने आपल्या नव्या यंत्रासाठीही कार्ट्रिजच कायम ठेवली होती, आणि तिची क्षमता ६४ मेगाबाइटांपलीकडे कधी गेली नाही. उलट हा खेळ तीन सी. डी. व्यापून होता. अशा ठिकाणी 'राखीव' म्हणण्यापेक्षा 'दुसरीकडे मावत नव्हता' असे म्हणणे न्यायाचे होईल.

'हेलो'ची कथा निराळी आहे. १९९९ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क येथे स्टीव्ह जॉब्ज यांनी हा खेळ ॲपलच्या व्यासपीठावरून लोकांसमोर आणला. खेळ बंजी या संस्थेचा. २००० साली मायक्रोसॉफ्टने ती संस्थाच विकत घेतली आणि २००१ च्या नोव्हेंबरमध्ये 'हेलो' अवतरला तो मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या नव्या कन्सोलवर. विंडोज चालविणाऱ्या संगणकांवर तो येण्यास २००३ उजाडले. विंडोज कोणाची? मायक्रोसॉफ्टचीच. म्हणजे स्वतःच्या एका घरात आलेला पाहुणा स्वतःच्याच दुसऱ्या घरापासून दोन वर्षे लपवून ठेवावा, असा हा प्रकार झाला. खेळ संगणकावर चालणार नव्हता म्हणून हे घडले नाही. लोकांनी कन्सोल विकत घ्यावा म्हणून घडले. माझ्या भाच्याचा राग येथे आहे, आणि तो मला रास्त वाटतो.

तरीही कंपनीची बाजू ऐकून घेतली पाहिजे. कन्सोल पुष्कळदा अल्प नफ्यावर, कधी तोट्यातही विकला जातो. सोनीचा प्लेस्टेशन ३ हा २००६ साली तोट्यातच विकला गेला. ती भरपाई खेळांच्या विक्रीतून होते, कारण अन्य निर्मात्यांच्या प्रत्येक खेळामागे कंपनीला वाटा मिळतो. मग गिऱ्हाइकाने आपलेच यंत्र का घ्यावे, याला उत्तर म्हणून कंपनी एखाद्या खेळावर पाच-सहा वर्षे पैसा ओतते. तो खेळ स्वतःच्या पायांवर फायद्यात यावा, अशी तिची घाई नसते. २०१८ चा 'गॉड ऑफ वॉर' अशा आश्रयातून आलेला आहे. राजाश्रयातून उत्तम काव्य निर्माण झाले हे आपण नाकारीत नाही. तेव्हा हेही नाकारू नये. मात्र ते काव्य पुढे राजवाड्याबाहेर आले, हेही सांगितले पाहिजे.

संगणकाच्या पक्षपात्यांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. संगणक खुला आहे खरा. 'हाफ-लाइफ' या खेळात हौशी मंडळींनी फेरफार करता करता 'काउंटर-स्ट्राइक' जन्माला आला, तो या खुलेपणामुळेच. परंतु संगणकाच्या बाजारातही दुकानदार आहेत. २०१९ च्या जानेवारीत 'मेट्रो एक्झोडस' हा खेळ प्रकाशनाच्या तोंडावर स्टीम या दुकानातून काढून एपिक या प्रतिस्पर्धी दुकानासाठी राखून ठेवण्यात आला. राखीवपणाला नावे ठेवणाऱ्यांच्या अंगणातच तो उगवला.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. एका यंत्रावरील खेळ दुसऱ्या यंत्रावर नेण्याला 'पोर्ट' करणे म्हणतात, आणि हे काम मला अनुवादाचे सख्खे भावंड वाटले. कन्सोलचा आज्ञावलीकार हा एकाच वाचकासाठी लिहिणारा लेखक आहे. त्या वाचकाची दृष्टी, स्मरणशक्ती, वेग, सारे त्याला ठाऊक असते. संगणकासाठी लिहिणाऱ्यापुढे सहस्रावधी अनोळखी वाचक असतात, कोणाकडे दहा वर्षांपूर्वीचा चष्मा, कोणाकडे कालचा. 'द लास्ट ऑफ अस'चा पहिला भाग २०२३ च्या मार्चमध्ये संगणकावर आला तेव्हा हे स्पष्ट दिसले. चित्रातील प्रकाश, छाया, पृष्ठभाग यांचे गणित करणाऱ्या लहान लहान आज्ञावल्या असतात. त्यांना शेडर म्हणतात. कन्सोलमधील चित्रचिप सर्वत्र सारखी, म्हणून त्या कारखान्यातूनच तयार होऊन येतात. संगणकात मात्र प्रत्येकाच्या चित्रचिपेनुसार त्या त्याच्या घरी नव्याने तयार व्हाव्या लागतात. खेळ विकत घेतलेली माणसे पडद्यापुढे ताटकळत बसली, आणि त्यानंतरही खेळ अडखळत राहिला. पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. वाईट अनुवादाची दुसरी आवृत्ती लवकर काढण्याची ही सोय आमच्या धंद्यात नाही!

आणि काही वेळा अनुवाद फार उशिरा येतो. 'रेड डेड रिडेम्प्शन' हा खेळ २०१० साली दोन कन्सोलांवर आला. संगणकावर तो २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पोचला. चौदा वर्षे. जो मुलगा दहावीत त्याची वाट पाहत होता, त्याला एव्हाना संसार असेल.

आपल्या देशाशी या विषयाचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांना मी 'राजी'चे उदाहरण देते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने बनविलेला हा खेळ. राजी नावाची मुलगी असुरांनी पळविलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते; मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या रीतीने सांगितले आहेत. २०२० च्या ऑगस्टमध्ये तो प्रथम केवळ निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर प्रकाशित झाला; संगणकावर आणि अन्य कन्सोलांवर ऑक्टोबरमध्ये आला. निन्टेन्डोने स्विच भारतात अधिकृतपणे विक्रीला आणलेलाच नव्हता. तेव्हा पुण्यात तयार झालेली, आपल्या पुराणांच्या जगातील ही गोष्ट पहिले दोन महिने अमेरिकेतील मुलाला दुकानातून सहज मिळत होती, आणि पुण्यातील मुलाला परदेशातून यंत्र मागविल्याशिवाय पाहता येत नव्हती. मी त्या संस्थेला दोष देत नाही. २०१७ साली लोकवर्गणीचा तिचा प्रयत्न अयशस्वी झाला होता. ज्याने हात दिला त्याच्याकडे ती गेली असणार. पण भाच्याने हे मला सांगितले, त्या दिवशी मला माझा 'राखीव' हा शब्द फारच सौम्य वाटला.

येथे किमतीचाही विचार करावा लागतो. प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ च्या फेब्रुवारीत आला तो ४९,९९० रुपयांना. मध्यमवर्गीय घरात संगणक 'अभ्यासासाठी' म्हणून घेतला जातो, आणि त्या अवतरणचिन्हांत किती खेळ मावतात हे आपण जाणताच. कन्सोलला असे निमित्त सांगता येत नाही. आपल्याकडे या वादातील बाजू आवडीने ठरते त्याहून अधिक वडिलांच्या खिशाने ठरते.

गेल्या काही वर्षांत भिंती खचू लागल्या आहेत, हेही खरे. सोनीने २०२० पासून आपले मोठे खेळ संगणकावर आणले. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये ६,८७० कोटी डॉलरना ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड घेतली, तेव्हा आता सारे राखीव होणार अशी भीती होती. पण २०२४ च्या फेब्रुवारीत तिनेच आपले चार खेळ प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांवर नेत असल्याचे सांगितले, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये 'हेलो'ची नवी आवृत्ती सोनीच्या यंत्रावर येणार असल्याचे जाहीर झाले. या औदार्याचे कारण निर्मितीचा वाढता खर्च हे असावे. कारण काहीही असो, दार उघडल्याशी काम.

परंतु जी दारे यंत्राबरोबर कायमची बंद होतात त्यांचे काय? अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली. तेथे २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असे तीत आढळले. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेन्डोने आपल्या दोन जुन्या यंत्रांसाठीची विक्री बंद केली. जतन केलेले दुर्मिळ खेळ संशोधकांना घरबसल्या पाहता यावेत, अशी मागणी ग्रंथालयांच्या वतीने झाली, तीही अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नाकारली. आपल्याकडे १९५४ च्या कायद्यान्वये प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि अन्य तीन ग्रंथालयांकडे जाते. वृत्तपत्रेही त्या कायद्यात आली. खेळ त्यात नाहीत. 'राजी'ची प्रत कोणत्या कपाटात ठेवावयाची, हा प्रश्नच अद्याप कोणी विचारलेला नाही.

माझ्या बालपणी, मिरजेस, आमच्या घरी दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे एक यंत्र होते. ते फॅमिकॉमची नक्कल होते, हे मला अनुवाद करताना कळले. जपानी मूळ यंत्रात ती पहारेकरी चिप नव्हतीच. त्यामुळे नक्कल करणाऱ्यांचे फावले आणि आम्हा मुलांचेही. कार्ट्रिजला आम्ही 'कॅसेट' म्हणत असू, आणि ती चालली नाही तर तोंडाने फुंकर मारून पुन्हा बसवीत असू. त्यातील एक कॅसेट गेल्या दिवाळीत माळ्यावरील ट्रंकेत सापडली. यंत्र केव्हाच भंगारात गेले. भाच्याने संगणकावर, जुन्या यंत्राचे सोंग घेणारी एक आज्ञावली उघडून, दोन मिनिटांत तोच खेळ समोर ठेवला. रंग तेच, सूर तोच. हे कायद्यात बसते का, असे मी विचारले. त्याने माझ्याकडे पाहिले आणि माझ्या कॅसेटकडे पाहिले. तीही नक्कलच होती.

ती कॅसेट मी आज बरोबर आणली आहे आणि आपल्या ग्रंथालयाला देऊ इच्छिते. सकाळी ग्रंथपालांना दाखविली, तेव्हा त्यांनी नोंदवही उघडली. लेखक, प्रकाशक, आवृत्ती, पृष्ठे, किंमत असे रकाने होते. यांपैकी एकही मला भरता आला नाही. वस्तू टेबलावर आहे. नोंद कशी करावयाची ते आपण चहाच्या वेळी ठरवू.