पिशवी आमची, चादर कुणाची?

हेडफोन लावलेत ना? लावा, कारण आज गोष्ट आहे गुप्तहेराची.

गुप्तहेर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोण येतं? लांब कोट घातलेला शेरलॉक. घरात जुन्या पुस्तकांचं कपाट असेल तर बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार नाहीतर काळा पहाड. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, विचार करा! पण माझ्या आजच्या गुप्तहेराकडे ना कोट, ना पिस्तूल. त्याच्याकडे आहे एक काउंटर, एक गल्ला आणि कानावर खोचलेलं पेन. तो म्हणजे माझे अप्पा. सोलापुरात नवी पेठेजवळ आमचं चादरी-टॉवेलचं छोटंसं दुकान आहे.

मी दहावीत होते तेव्हाची गोष्ट. जानेवारी महिना, सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा चालू. आता सोलापूरचं कसंय, तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करणारी मंडळी आमच्याकडून जातात आणि जाताना चादर घेतात. त्यामुळे त्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते.

अशा गर्दीत एक मावशी आल्या. हातात आमच्या दुकानाची पिशवी. त्यातून चादर काढून काउंटरवर आपटलीच त्यांनी. "सोलापुरी म्हणून दिलीत ना ओ? एकदा धुतली तर बघा काय झालंय!" चादरीवर सगळे बारीक बारीक गोळे आलेले, रंग उतरलेला. अप्पांनी चादर हातात घेतली आणि म्हणाले, "मावशी, ही आमची नाही." मावशी म्हणाल्या, "मग पिशवी काय मी घरी छापली?"

बरोबर होतं की त्यांचं! पिशवीवर दुकानाचं नाव, पत्ता, सगळं आमचंच. अप्पांनी मुकाट्याने चादर बदलून दिली. चार दिवसांनी दुसरं गिऱ्हाईक. तशीच चादर, तशीच पिशवी.

आता संशय कुणावर जाणार? आमच्याकडे एक मुलगा कामाला होता. एकोणीस-वीस वर्षांचा. आई घरी विड्या वळायची, हा दुकानात घड्या घालायचा. शेजारचे दुकानदार अप्पांना म्हणाले, "पोरगंच माल बदलत असणार, दुसरं कोण?" आणि अप्पांनी एक चूक केली. त्या दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर, भरल्या दुकानात, त्याला विचारलं, "ही तू दिलीस का रे?" तो काहीच बोलला नाही. संध्याकाळपर्यंत घड्या घालत राहिला. दुसऱ्या दिवशी आलाच नाही.

सगळे म्हणाले, बघा, पळाला म्हणजे चोर तोच. अप्पांना मात्र ते पटेना. रात्री शटर अर्धं ओढून त्यांनी दोन्ही चादरी पसरल्या आणि मला हाक मारली, "ये, बघ."

पहिली गोष्ट, चादर उलटी केली. आमच्याकडची चादर जॅकार्ड मागावर विणलेली असते. पुढे पांढऱ्या जमिनीवर लाल मोर असेल, तर मागे लाल जमिनीवर पांढरा मोर. नक्षी विणकामातच असते, म्हणून दोन्हीकडून स्वच्छ दिसते. या चादरीची मागची बाजू फिकी आणि धुरकट. म्हणजे नक्षी वरून छापलेली.

इथे एक गंमत सांगते. जॅकार्ड हे नाव ज्या फ्रेंच माणसाचं, त्याने 1804 च्या सुमारास असा माग तयार केला, की कुठला धागा वर उचलायचा हे पुठ्ठ्याच्या कार्डांवरची भोकं ठरवतात. भोक आहे की नाही, एवढंच. ओळखीचं वाटतंय? पुढे चार्ल्स बॅबेजने गणनयंत्राचा विचार करताना हीच कल्पना उचलली. म्हणजे तुमच्या हातातल्या फोनचं आणि आजीच्या चादरीचं लांबचं नातं आहे बरं का!

दुसरी गोष्ट, अप्पांनी एक धागा ओढला, चिमट्यात धरला आणि ताटलीवर पेटवला. सुती धागा जळला की कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चोळली तर भुगा होतो. हा धागा आकसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. पॉलिएस्टर! आमच्या दुकानात तसला माल नव्हताच. (घरी करून बघायचं असेल तर एकच धागा घ्या, मोठं माणूस शेजारी ठेवा. चादर पेटवू नका!)

म्हणजे चादर आमची नाही, हे नक्की. पण पिशवी? अप्पांनी त्या मावशींना फोन लावला आणि चादरीचं एक अक्षरही न काढता विचारलं, "मावशी, त्या दिवशी दुकानात यायला त्रास नाही ना झाला?" त्या म्हणाल्या, "झाला की ओ. पाच-सहा पायऱ्या, माझे गुडघे दुखतात."

मंडळी, आमच्या दुकानाला एकही पायरी नाही. सरळ रस्त्यावरून आत.

मग अप्पांनी पिशवी दिव्याखाली धरली. बराच वेळ बघत बसले. आणि एकदम डोक्यावर हात मारला. पिशवीवरच्या फोन नंबरात एक आकडा चुकलेला होता. दोन वर्षांपूर्वी छापताना झालेली चूक. तो सगळा गठ्ठा वाया गेला म्हणून रद्दीवाल्याला दिला होता. कुणी दिला होता? अप्पांनीच! तिथून तो कुणीतरी स्वस्तात उचलला होता.

दुसऱ्या दिवशी अप्पा गिऱ्हाईक बनून गल्लोगल्ली फिरले. पायऱ्यांचं दुकान सापडलं. एक चादर विकत घेतली, आमच्याच पिशवीत मिळाली. बिल मागितलं, तर "बिल कशाला, काका?" अप्पांनी तिथे आवाज चढवला नाही. स्वतःचं नाव सांगितलं, पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "माल तुमचा, तर नाव पण तुमचंच छापा." उरलेल्या पिशव्या त्याच दिवशी परत आल्या.

रहस्य सुटलं. टाळ्या? थांबा.

अप्पा तिथून थेट त्या मुलाच्या घरी गेले, मलाही घेऊन. त्याची आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. अप्पा दारातच उभे राहिले आणि त्याला म्हणाले, "चुकलं माझं. चारचौघांत विचारलं, म्हणून माफी पण चारचौघांत मागायला आलोय." शेजारची माणसं बघत होती. तो म्हणाला, "असू द्या अप्पा. टॉवेलच्या कारखान्यात लागलोय मी." तो परत आला नाही. त्याच्या आईने आम्हाला चहा दिला. तो चहा मला अजून आठवतो, कारण अप्पांना तो गिळता येत नव्हता.

तेव्हापासून आमच्या दुकानात दोन नियम आहेत. बिलाशिवाय माल जात नाही. आणि संशय आला तर आधी वस्तूला विचारायचं, माणसाला नंतर, तेही एकट्यात.

आता तुमच्या कामाचं. सोलापुरी चादरीला 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. देशातल्या अगदी सुरुवातीच्या नोंदींमध्ये आपली चादर आणि टॉवेल आहेत. त्याचा अर्थ बाहेरची चादर वाईट असा नाही. पॉलिएस्टरची घ्यायची तर खुशाल घ्या, पण ती "सोलापुरी" म्हणून विकणं चूक. कारण त्या नावामागे यंत्रमागावर उभं राहणाऱ्या माणसांची मजुरी आहे. तेव्हा चादर घेताना उलटी करून बघा, लेबल वाचा आणि बिल मागा. दुकानदाराला राग आला, तर तोही एक पुरावाच समजा!

आणि एक. आज व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाचातरी फोटो येतो, "हाच तो चोर," आणि आपण पुढे ढकलतो. ते भरलं दुकानच आहे, मंडळी. फक्त तिथे माफी मागायला दार सापडत नाही. ढकलण्याआधी एकदा पायऱ्या मोजा.

तुमच्या गावात असा एखादा काउंटरमागचा गुप्तहेर आहे का? मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!