गाण्यांची तबकडी कपाटात ठेवावी काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे लग्न होऊन मी कुरुळीस आले. तरी कार्यकारिणीने एक काम माझ्यावर सोपवले होते, त्याचा हिशेब देणे भाग आहे, म्हणून चार शब्द बोलते. चुकले-माकले सांभाळून घ्यावे.

आपल्या वाचनालयात तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी वेगळे कपाट आहे, हे आपणां सर्वांस ठाऊकच आहे. गेल्या दिवाळीनंतर एका भगिनीने त्या कपाटासाठी 'आयुष्यावर बोलू काही' ही गाण्यांची तबकडी, म्हणजे सीडी, भेट दिली. त्यात कविता संदीप खरे यांच्या, संगीत डॉ. सलील कुलकर्णी यांचे, आणि गाणारेही हे दोघेच. याच नावाचा त्यांचा कार्यक्रम २००३ साली सुरू झाला आणि पुढे कितीतरी गावांतून झाला. आपल्यापैकी काही जणींनी तो पाहिलाही आहे.

तबकडी आली आणि बैठकीत वाद सुरू झाला. एक म्हणाल्या, पुस्तकांच्या कपाटात गाण्यांचे काय काम? दुसऱ्या म्हणाल्या, यात प्रेमाची गाणी आहेत, मुलींच्या हाती देऊ नयेत. तिसऱ्या म्हणाल्या, मोबाईलवर सगळे फुकट मिळते, मग ही अडगळ कशाला? तासभर बोलणे झाले, पण तबकडी पूर्ण ऐकलेली मात्र एकही नव्हती. शेवटी कोणीतरी ती ऐकून मत द्यावे असे ठरले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. त्याचे कारण माझी हुशारी नव्हे. तबकडी वाजवायचे जुने यंत्र फक्त आमच्या घरी शिल्लक होते!

पहिल्या दिवशी मी भाकरी थापता थापता ऐकली. अर्धे लक्ष तव्यावर, अर्धे गाण्यावर. 'बरी आहेत' एवढेच मत झाले. मग माझे मलाच वाटले, आमटी न चाखता तिला नाव ठेवणाऱ्या पाहुणीसारखे हे झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी कामे आवरून, यंत्राशेजारी पाट टाकून बसले. आवाज अगदी बारीक ठेवला होता, कारण आमचे 'हे' रात्रपाळी करून आलेले, आतल्या खोलीत निजले होते.

भगिनींनो, आपल्या गावातल्या घरांत हे काही नवे नाही. चाकणची औद्योगिक वसाहत वाढली तशी आपली माणसे शेतातून कंपनीत गेली. पगार आला, पक्की घरे झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण पोरांना आपण दिवसभर एकच सांगतो, "हळू बोला, बाबा झोपलेत." पोरगा शाळेतून येतो तेव्हा बाप निजलेला, आणि बाप उठतो तेव्हा पोरगा शिकवणीला गेलेला. दोघांची भेट दारात होते, ती सुद्धा एकाचा पाय घरात नि दुसऱ्याचा बाहेर अशी.

त्या तबकडीत 'दूर देशी गेला बाबा' असे एक गाणे आहे. वडील परदेशी, आई कामावर, आणि घरात एकटे मूल, एवढीच त्याची हकिकत. ते लागले तेव्हा माझा धाकटा, नववीतला, दप्तर टाकून माझ्यामागे येऊन उभा होता. मला कळलेही नाही. गाणे संपले तसा तो म्हणाला, "आई, आपला बाबा तर घरीच आहे." आणि आतल्या बंद दाराकडे पाहून गप्प झाला. मी काय उत्तर देणार? त्याने स्वतःच गाणे मागे नेऊन पुन्हा एकदा लावले. सहा महिन्यांत त्याने मनातले असे काही मला सांगितले नव्हते. त्या संध्याकाळी त्याने शिकवणी बुडवली आणि बापाबरोबर कंपनीच्या बसच्या थांब्यापर्यंत चालत गेला. काय बोलले ते मी विचारले नाही.

हे मी बैठकीत सांगितले तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "मुलांना रडवणारी गाणी मुळीच नकोत." त्यांचा हेतू चांगला, पण मला ते पटत नाही. ते रडे गाण्याने आणलेले नाही, ते घरातच होते. उलट मी तर म्हणते, याच जोडीचे 'दमलेल्या बाबाची कहाणी' हे गाणेही मिळवून शेजारी ठेवावे. पहिले गाणे मुलाच्या बाजूचे आहे, तर हे बापाच्या बाजूचे. रात्री उशिरा घरी येऊन निजलेल्या लेकीशी बोलणारा बाप त्यात आहे. मुलांनी दोन्ही बाजू ऐकाव्यात.

आता प्रेमाच्या गाण्यांविषयी. ती आहेत, लपवून काय उपयोग? पण त्यांतला मुलगा संकोची आहे, स्वतःच गोंधळलेला आहे. मुलीची छेड काढणारा मला कोठे आढळला नाही. आमच्या वेळी लग्नाच्या मांडवात दिवसभर कर्ण्यावर सिनेमाची गाणी वाजत. त्यांतल्या शब्दांना कोणी चाळणी लावली होती काय? तेव्हा आज एकदम सोवळे नेसून बसण्यात अर्थ नाही.

उणे आहे तेही सांगते. संथ गाणी एकापाठोपाठ आली की श्रीखंडावर श्रीखंड वाढल्यासारखे होते. काही कवितांतली खंत चाळिशीच्या माणसाची आहे. चौदा वर्षांच्या पोराला ती कळणार नाही. अर्थात हरिपाठ तरी आपल्याला लहानपणी कोठे कळत होता? तरी तोंडपाठ होताच. पण शब्द स्वच्छ ऐकू येतात, वाद्यांखाली बुडत नाहीत, हा मोठा गुण. ज्याने लिहिले तोच गातो म्हणूनही असेल. 'गीतरामायण' १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झाले, त्याची छप्पन्न गाणी माडगूळकरांनी लिहिली आणि सुधीर फडक्यांनी त्यांना चाली दिल्या. तेथे लिहिणारा वेगळा, गाणारा वेगळा. इथे तसे नाही. स्वतः रचून स्वतः गाण्याची रीत आपल्या इंद्रायणीकाठाला नवी नाही, हे मी देहू-आळंदीच्या शेजारणींना काय सांगावे!

मोबाईलचे म्हणाल, तर तो घरातल्या किती मुलींच्या हाती असतो? बापाबरोबर तो कंपनीत जातो. आणि आला तरी एक गाणे संपले की पुढचे तोच ठरवतो, मध्ये साबणाची जाहिरात घालतो. आपल्या कपाटातली वस्तू कोणीतरी ऐकून, वाचून, आपल्या मुलांसाठी म्हणून ठेवलेली असते. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

एका भाच्याने सगळी गाणी पेनड्राइव्हवर उतरवून वाटायची तयारी दाखवली. त्याला मी नको म्हटले. कवीने आणि गाणाऱ्याने कष्ट केलेले आहेत. पुस्तकाची पाने झेरॉक्स करून आपण कपाटात ठेवत नाही, तसेच हे. खरीदलेली तबकडीच ठेवावी. सोबत संदीप खरे यांचे 'मौनाची भाषांतरे' हे कवितांचे पुस्तकही घ्यावे, म्हणजे ज्याला ऐकून आवडले तो वाचायला वळेल.

माझे मत कार्यकारिणीने मान्य केले, पण एकमताने नव्हे. दोघी विरुद्ध होत्या आणि अजून आहेत. त्यांनी आता तबकडी घरी नेऊन पूर्ण ऐकण्याचे कबूल केले आहे. त्यांचेही मत पुढच्या बैठकीत जरूर ऐकू.

तबकडी एक आठवड्यासाठी मिळेल. नाव माझ्याकडील वहीत लिहावे. यंत्र मी वाचनालयात आणून ठेवले आहे. त्याचे झाकण नीट बसत नाही, वर रबर लावून ठेवले आहे, ते काढू नये. कोणाच्या माळ्यावर दुसरे चालू यंत्र पडून असेल तर कृपया आणून द्यावे. शनिवारी दुपारी तीन ते पाच मी तेथे बसते.